पोटात काहीतरी हाय पोराच्या

सासूबाईंनी वावडिंग घालून उकळलेलं पाणी वाटीत गाळलं होतं. चांदीची वाटी, दादूच्या उष्टावणाची. मी ती त्यांच्या हातातून घेतली आणि सगळं पाणी बेसिनमध्ये ओतून दिलं. २०१८ चा सप्टेंबर संपत आला होता, गणपती नुकतेच गेले होते. दादू साडेतीन वर्षांचा. आठ दिवसांपूर्वी पुण्याच्या मेंदूविकारतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी त्याच्या आजाराला नाव दिलं होतं.

“पोटात काहीतरी हाय पोराच्या,” सासूबाई म्हणत होत्या. “जंत झाल्यात. आधी पोट बघा, मग डोकं बघा.”

“अहो आई, हा मेंदूचा आजार आहे. पोटाचा काही संबंध नाही.”

शब्द एवढेच, पण ते ज्या आवाजात बाहेर पडले तो आवाज मला अजून ऐकू येतो. त्या पुढे काही बोलल्या नाहीत. वाटी उचलली, घासली, पालथी घातली. ‘काही संबंध नाही’ ही माझी खात्री चुकीची होती हे समजायला मला पुढची काही वर्षं लागली. त्यांचंही बरोबर होतं अशातला भाग नाही. पण त्या चुकल्या होत्या ते योग्य जागेपाशी उभ्या राहून.

आधी आजाराबद्दल. आमच्या सांगलीकडे फिट म्हणतात, आकडी म्हणतात, जुनी माणसं फेफरं म्हणतात. हे शब्द ऐकले की जमिनीवर पडून हातपाय झाडणारं, तोंडाला फेस आलेलं माणूस डोळ्यांपुढे येतं. दादूचं तसं नव्हतं, म्हणून पहिले पंधरा दिवस आम्हाला कळलंच नाही. तो मान डोलवायचा. ‘हो’ म्हणावं तशी एकच झुकवण. आम्हाला वाटलं झोप येत असेल. मग एका सकाळी पाटावरून उठून उभा राहिला आणि पडला. अडखळून, घसरून, तोल जाऊन असा नाही. कठपुतळीची दोरी सोडावी तसा उभ्याचा खाली. हनुवटी फरशीवर आपटली, तीन टाके पडले. टाके घालून होईपर्यंत तो पूर्ण शुद्धीवर होता, ‘आई, मी कशानं पडलो?’ विचारत होता. पुढे दिवसातून दहा-बारा वेळा पडायला लागला. सायकलवाले घालतात ते हेल्मेट आम्ही त्याला घरात घालत होतो, अगदी जेवतानासुद्धा, कारण तोंड ताटात आपटायचं.

ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, झाला, एमआरआय झाला. निदान डूज सिंड्रोम. जर्मनीतल्या कील शहरातल्या हेर्मान डूज या डॉक्टरांनी १९७० मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव. चांगली चालतीबोलती, खेळती मुलं एक ते पाच वर्षांच्या मधे कधीतरी अशी पडायला लागतात.

सासूबाईंचं जंतांचं खूळ अगदीच बिनबुडाचं नव्हतं, हेही इथे सांगते. डुकराच्या मांसातून पसरणारा जो पट्टकृमी असतो, त्याची अंडी न धुतलेल्या भाजीतून किंवा अस्वच्छ पाण्यातून पोटात गेली, तर त्यांच्या अळ्या मेंदूत जाऊन बसतात. भारतात फिट येण्याच्या मोठ्या कारणांपैकी हे एक आहे, आणि आयुष्यात कधी मांसाला हात न लावलेल्या माणसालाही ते होतं. अशा वेळी दुकानातून जंतांचं औषध आणून मनानं द्यायचं नसतं. मेंदूतल्या अळ्या औषधानं मरताना सूज वाढते, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावं लागतं. दादूच्या एमआरआयमध्ये असलं काही नव्हतं. मेंदू दिसायला अगदी निर्मळ होता.

आणि एक, जे मला दर वेळी सांगावंसं वाटतं. कुणाला फिट आली तर चप्पल, कांदा, लोखंडी किल्ली यातलं काहीही शोधू नका. तोंडात चमचा घालू नका, बोट तर नाहीच. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर सरळ दवाखाना. घड्याळ बघणं सगळ्यात अवघड. त्या वेळी दीड मिनिटसुद्धा तासाएवढं वाटतं.

औषधं सुरू झाली. आधी व्हॅलप्रोएट, मग त्यात क्लोबाझाम, मग लेव्हेटिरासेटाम. पडणं थोडं कमी व्हायचं, पंधरा दिवसांत परत मूळ पदावर. दादू मात्र औषधांनी मंद होत चालला. लाळ गळायची. ज्याला ‘चांदोमामा’ सगळा पाठ होता तो दोन ओळींनंतर थांबून माझ्याकडे बघत राहायचा. नीट निवडलेली, पुरेशा मात्रेत दिलेली दोन औषधं लागू पडली नाहीत की त्या आजाराला औषधांना न जुमानणारा म्हणतात. फिट येणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक या गटात मोडतात. जानेवारीत डॉक्टरबाई म्हणाल्या, आता आपण आहार बदलू.

मला वाटलं त्यांनी हात टेकले. तीन औषधांनी झालं नाही ते पथ्यानं होणार? पण त्यांनी आहारतज्ज्ञ ताईंना बोलावलं आणि दोघींनी मिळून तासभर समजावलं. केटोजेनिक आहार. भात, पोळी, भाकरी, साखर, गूळ, बटाटा, केळं सगळं जवळजवळ बंद. प्रथिनं वाढीला लागतात तेवढीच. बाकी सगळं स्निग्ध: लोणी, साय, नारळाचं तेल. चारास एक हे प्रमाण सगळ्यात कडक. म्हणजे प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून एक ग्रॅम, तर स्निग्ध पदार्थ चार ग्रॅम. आम्ही तिनास एकनं सुरुवात करायची होती. शरीराला साखर मिळाली नाही की यकृत चरबीपासून कीटोन बनवतं आणि मेंदू त्याच्यावर चालायला लागतो. आधी रक्त-लघवीच्या बऱ्याच तपासण्या झाल्या, कारण काही मुलांना चरबी पचवण्याचाच जन्मजात दोष असतो आणि त्यांना हा आहार जिवावर बेतू शकतो. इंटरनेटवर बघून घरच्या घरी करायची ही गोष्ट नव्हे. सुरुवात रुग्णालयात झाली, पाच दिवस.

घरी आल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. मोजमाप. दशांशाच्या एका स्थळापर्यंत मोजणारा छोटा काटा आणला, सोनाराकडे असतो तसा. ताईंनी लिहून दिलेलं एक जेवण अजून तोंडपाठ आहे: फेटलेलं अंडं ४० ग्रॅम, पनीर २०, लोणी ३०, कोबी ३०. अंडं फेटूनच मोजायचं, नाहीतर पिवळं जास्त की पांढरं जास्त हे कळत नाही. आणि जे मोजलं ते सगळं पोटात गेलं पाहिजे. वाटीला लागलेलं लोणीसुद्धा रबरी चमच्यानं निपटून त्याच्या तोंडात. तीन ग्रॅम लोणी वाटीला राहिलं तर त्या जेवणाचं प्रमाण बिघडलं.

मी शाळेत शिकवते. साडेसहाला घर सोडावं लागतं. नवऱ्याची नोकरी कारखान्यात, पाळीची. काटा कोण धरणार? मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी चष्मा लावला आणि तो कागद हातात घेतला. आमच्या सासूबाई माळकरी. तासगावजवळचं माहेर, लहानपणापासून गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडं शिजू दिलं नाही कधी. लग्नानंतर मी अंडी खायची ती मैत्रिणीकडे जाऊन. त्या बाईनं दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळ करून, देवपूजा उरकून, एक वेगळी छोटी कढई बाजूला काढली आणि काट्यावर फेटलेलं अंडं ओतलं. एक्केचाळीस दिसलं. चमच्याच्या टोकानं थेंब-थेंब काढत चाळीसवर आणलं. शेर-पावशेरच्या जमान्यात दूध-लोणी मोजून विकलेला हात, तो हलला नाही.

“म्हंजे औषध पोटातनंच द्यायचं की मग,” माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या.

मी डबा भरत होते. उत्तर दिलं नाही.

रोज सकाळची पहिली लघवी एका पट्टीवर तपासायची. कीटोन असले की पट्टीचा फिकट रंग बदलतो, आधी गुलाबी, मग वांग्यासारखा गडद. सासूबाई ती पट्टी खिडकीशी नेऊन धरायच्या आणि वांगी रंग दिसला की ‘पिकलं’ म्हणायच्या. पहिल्या आठवड्यात दादूला उलट्या झाल्या. नंतर बद्धकोष्ठ, ते तर दोन वर्षं पाठीशी लागलेलं. पातळ औषधांत साखर असते म्हणून सगळी औषधं गोळ्यांच्या पुडीत बदलून घेतली. टूथपेस्टसुद्धा बदलली. प्रसाद हे सगळ्यात मोठं संकट. देवळात कुणी प्रेमानं अर्धा पेढा हातावर ठेवायचं आणि आम्ही तो परत घेताना माणसं दुखावली जायची. गणपतीला सासूबाईंनी बदामाचं पीठ आणि खोबरं यांचा एक मोदक वळला, बिनगुळाचा, नऊ ग्रॅमचा. एकवीस मोदकांच्या ताटात तो बाविसावा.

फरक पडायला तीन आठवडे लागले. मी वहीत रेघा मारत होते. दिवसाला बारा रेघांवरून सात, मग चार. दोन महिन्यांनी पहिली कोरी तारीख. मग दोन कोऱ्या लागोपाठ. चौथ्या महिन्यात हेल्मेट खुंटीवर गेलं. ‘चांदोमामा’ परत आला, पण आता तो त्याला बाळबोध वाटायला लागला होता.

सगळ्या मुलांना असं होत नाही, हे लिहिलंच पाहिजे. २००८ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातला अभ्यास प्रसिद्ध झाला. १४५ मुलं, निम्म्यांना आहार लगेच, निम्म्यांना तीन महिने थांबून. तीन महिन्यांनी आहारावरच्या ३८ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून खाली आले होते. थांबलेल्यांत हे प्रमाण ६ टक्के. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी थोडा सैल, ज्याला सुधारित ॲटकिन्स म्हणतात तो आहार १०२ मुलांवर तपासला. २०१३ चा तो शोधनिबंध. त्यात ५२ टक्के विरुद्ध साडेअकरा टक्के. याचा दुसरा अर्थ असा की मोजून-मापून, जीव टाकून केलेल्या कितीतरी आयांच्या वह्या कोऱ्या झाल्या नाहीत. रुग्णालयाच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या एका मुलीच्या आईनं सहा महिन्यांनी आहार थांबवला. तिच्या करण्यात काहीच कमी नव्हतं.

हा आहार का चालतो, हे शंभर वर्षं कुणाला नीट माहीत नव्हतं, हे कळल्यावर मी रात्री फोनवर वाचत बसायला लागले. उपाशी ठेवलं की फिट थांबते हे फार जुनं निरीक्षण. १९११ मध्ये पॅरिसमध्ये ग्वेल्पा आणि मारी या दोन डॉक्टरांनी त्यावर लिहिलं. पण मला खिळवून ठेवलं ते ह्यू कॉंकलिन या माणसानं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं बॅटल क्रीक, म्हणजे ज्या गावातून कॉर्नफ्लेक्स जगभर गेले ते गाव. तिथं हा ऑस्टिओपॅथ, म्हणजे हाडं-स्नायू हातानं दाबून उपचार करणारा. त्याची समजूत अशी की फिटचा उगम आतड्यात. आतड्याच्या भिंतीतल्या लसिकापेशींच्या पुंजक्यांमधून विष तयार होतं, ते अधूनमधून रक्तात सुटतं आणि झटका येतो. म्हणून आतड्याला विश्रांती द्यायची. मुलांना अठरा ते पंचवीस दिवस नुसत्या पाण्यावर ठेवायचा. वाचून माझ्या अंगावर काटा आला. पण काही मुलांचे झटके खरंच थांबत. न्यूयॉर्कमधल्या चार्ल्स हॉवलंड नावाच्या वकिलाचा मुलगा असाच बरा झाला. त्या वकिलानं आपल्या भावाला, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या बालरोगाच्या प्राध्यापक जॉन हॉवलंडला, ५,००० डॉलर दिले की याचं शास्त्र शोधून काढ. १९२१ मध्ये अमेरिकेतल्याच मेयो क्लिनिक या रुग्णालयातल्या रसेल वाइल्डर यांनी सुचवलं की उपासात जे कीटोन तयार होतात ते चरबीच्या आहारानंही होतील, मग मूल उपाशी कशाला ठेवायचं? तिथल्याच पीटरमन यांनी प्रमाण बसवलं: किलोमागे एक ग्रॅम प्रथिनं, दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम कर्बोदकं, बाकी स्निग्ध. सासूबाईंच्या काट्यावर जे चाललं होतं त्याचं मूळ हे. मग १९३८ मध्ये फेनिटॉइन आलं. गोळी देणं सोपं, आणि काटा जवळजवळ विसरला गेला.

कॉंकलिनचं विष कुणालाच सापडलं नाही. तसलं काही नव्हतंच. तो वाचताना मला एकसारखी बेसिनमध्ये ओतलेली वाटी आठवत होती.

आहारतज्ज्ञ ताईंनी एकदा सहज सांगितलं की आता लोक आतड्यातल्या जंतूंकडे बघायला लागलेत. मे २०१८ मध्ये, दादूची मान डोलायला लागण्याच्या तीनेक महिने आधी, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून एक शोधनिबंध आला होता. प्रयोगशाळा एलेन शियाओ यांची. त्यांनी उंदरांना केटोजेनिक आहार दिला. डोळ्यांवरून सौम्य विजेचा झटका देऊन फिट आणायची ही पद्धत, आणि आहारावरच्या उंदरांना फिट यायला जास्त वीज लागली. इथवर नवीन काही नाही. मग त्यांनी तोच आहार अशा उंदरांना दिला ज्यांच्या आतड्यात जन्मापासून एकही जंतू नाही. कीटोन तयार झाले, पण संरक्षण मिळालं नाही. प्रतिजैविकं देऊन आतडं रिकामं केलेल्या उंदरांचंही तेच.

हे वाचून मी उठून बसले. कीटोन आहेत, पट्टी वांगी झालेली आहे, तरी उपयोग नाही, कारण पोटात कुणी राहत नाही.

पुढे त्यांनी शोधलं की या आहारानं दोन जातींचे जिवाणू वाढतात: अकर्मान्सिया म्युसिनिफिला आणि पॅराबॅक्टेरॉइड्स. पहिल्याला नाव मिळालंय आकर्मान्स या डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचं. नेदरलंड्समधल्या वागेनिंगन इथं २००४ मध्ये त्याचं वर्णन झालं. म्युसिनिफिला म्हणजे श्लेष्म्याची आवड असलेला. आतड्याच्या आतल्या बाजूला जो बुळबुळीत थर असतो त्यावर तो जगतो. तंतुमय अन्न कमी झालं की बाकीच्यांची उपासमार होते, याची होत नाही. हे दोन्ही जिवाणू एकत्र दिले की रिकाम्या आतड्याच्या उंदरांनाही संरक्षण परत मिळालं. एकेकटा दिला तर नाही. जनुकातल्या दोषामुळे ज्यांना आपोआप झटके येतात अशा उंदरांचे झटकेही या जोडीनं कमी झाले.

संध्याकाळी ओट्याशी उभी राहून हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या साय मोजत होत्या.

“एकटा का चालत न्हाई?”

मी म्हटलं, एक जे टाकतो त्यावर दुसरा जगतो, दोघं एकमेकांना पोसतात. ते जोडीनं असले की आतड्यातल्या काही विशिष्ट अमिनो आम्लांचं प्रमाण कमी होतं, रक्तातही कमी होतं, आणि मेंदूत आवरणारं रसायन, गाबा, हे चेतवणाऱ्या ग्लुटामेटच्या मानानं वाढतं. बैल आणि कासरा, तसं. कासरा जरा घट्ट होतो.

“मग बैल मेंदूत आणि कासरा पोटात,” त्या म्हणाल्या, आणि सायीचा चमचा निपटला.

इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं. त्या वेळी मला ती वाटी बोलून दाखवायची होती. म्हणायचं होतं की आई, त्या दिवशी मी तुम्हाला तसं बोलायला नको होतं. शब्द बाहेर आले नाहीत. त्यांच्या हातातला काटा घेऊन मी पुसला आणि ठेवला.

उंदरांवरचं जसंच्या तसं माणसांना लागू होतं असं नाही, आणि इथे मला जरा ठासून बोलायचंय. स्वीडनमध्ये बारा मुलांचा मळ आहाराआधी आणि तीन महिन्यांनंतर तपासला, २०१९ चा तो अभ्यास. त्यात बायफिडोबॅक्टेरिया कमी झाले आणि ई. कोलाय वाढले. आपण ज्यांना चांगले म्हणतो ते घटले, ज्यांना वाईट म्हणतो ते वाढले, आणि हे सगळं झटके कमी करण्यासाठी दिलेल्या आहारानं. चांगला जंतू, वाईट जंतू अशी वाटणी इतकी सोपी नाही. तरी आमच्या फोनवर दर आठवड्याला कुणीतरी पाठवत होतं: अमुक प्रोबायोटिकची कॅप्सूल, फिट मुळापासून बंद, गोळ्या सोडा. माझा जीव तुटतो ते वाचताना, कारण आहारानं गुण न आलेल्या त्या मुलीची आई ते विकत घेईल हे मला ठाऊक आहे. गोळ्या अचानक बंद केल्या तर न थांबणारी फिट येऊ शकते, मूल जाऊ शकतं. मी आमच्या डॉक्टरबाईंना दह्याबद्दल विचारलं होतं. त्या म्हणाल्या, दही चांगलंच आहे, पण हे दोन जिवाणू दह्यात नसतात. दह्यात लॅक्टोबॅसिलस. विरजणानं भागलं असतं तर आपल्या देशात कुणाला फिट आलीच नसती.

तसंच ते दुसरं, चरकाच्या अपस्मार-चिकित्सेत पंचगव्य घृत आहे, म्हणजे आपल्या पूर्वजांना केटो माहीत होतं. आमच्या नात्यातल्या एकांनी हे फार कौतुकानं सांगितलं. चरकात ते घृत आहे, खरं आहे. पण औषधी तूप घ्यायचं आणि वर भात जेवायचा यानं कीटोन तयार होत नाहीत. पूर्वजांनी नीट निरीक्षणं केली त्याचा मान वेगळ्या तऱ्हेनं राखता येतो.

आहाराच्या पहिल्या पावसाळ्यात दादूचा कान फुटला. ताप आला, डॉक्टरांनी पाच दिवसांचं प्रतिजैविक लिहिलं. मी बाटली हातात घेऊन उभी. प्रतिजैविकानं उंदरांचं संरक्षण गेलं होतं हे मला माहीत होतं, आणि वाचलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटायला लागलं. पुण्याला फोन केला. डॉक्टरबाई म्हणाल्या, द्या. तापानं आणि जंतुसंसर्गानंच फिट येते, कान बरा होऊ दे, उंदरासाठी मुलाचा कान पणाला लावायचा नाही. मी दिलं. त्या आठवड्यात वहीत दोन रेघा आल्या, मान दोनदा डोलली. तापानं की औषधानं, ते कुणी सांगू शकत नाही. पुढच्या आठवड्यात पान परत कोरं झालं.

२०२३ मध्ये त्याच लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेतून पुढचं काम आलं. या वेळी खऱ्या मुलांचं. औषधांना दाद न देणाऱ्या दहा मुलांचे मळाचे नमुने, आहार सुरू करण्याआधीचे आणि महिन्याभरानंतरचे, उंदरांच्या आतड्यात रुजवले. नंतरचे जंतू मिळालेल्या उंदरांना फिट यायला जास्त वीज लागली. उंदरांचा आहार तोच, नेहमीचा. बदललं होतं ते फक्त पोटात कोण राहतंय एवढंच. त्या दहांतल्या एखाद्या मुलाच्या आईनंही असाच काटा धरला असेल, वाटी निपटली असेल. तिच्या लेकराच्या पोटातून निघालेलं काहीतरी एका उंदराला वाचवून गेलं. मी हे शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचलं, आणि पुढच्या तासाला वर्गात जायला मला दहा मिनिटं उशीर झाला.

दादूचा आहार तेव्हा संपलेला होता. साधारण दोन वर्षं झटके नसले की हळूहळू सोडवतात. हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी २००७ मध्ये मांडलेल्या आकड्यांत, आहारानं झटके पूर्ण थांबलेल्या मुलांपैकी आहार सोडल्यावर २० टक्क्यांना परत आले. म्हणजे पाचात एक. हा एक माझ्या मानेवर बसून होता. तिनास एकवरून अडीचास एक, मग दोनास एक, दर काही आठवड्यांनी एक पायरी खाली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ताईंच्या कागदावर पहिल्यांदा तो शब्द आला. शिजवलेला भात, १२ ग्रॅम.

याच सुमारास शेजारच्या एका काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता बरा झालाय ना, मग कुठं बोलू नका, लग्नाच्या वेळी आडवं येतं. फिट येणं हे लग्नाच्या आड आणणारं कलम १९९९ च्या दुरुस्तीनं कायद्यातून निघून गेलंय. माणसांच्या बोलण्यातून निघायला आणखी किती वर्षं लागतील माहीत नाही. म्हणून मी बोलते, आणि म्हणून हे लिहिते.

बारा ग्रॅम भात म्हणजे लहान मुलाच्या मुठीत मावेल एवढा. सासूबाईंनी तो काट्यावर ठेवला, चार शितं काढली, एक परत टाकलं. वर लोणी. दादू आता साडेसहाचा. अडीच वर्षांत भात तोंडात गेला नव्हता, त्याची चव त्याला आठवत नसावी. त्यानं बोटानं कालवला, खाल्ला आणि म्हणाला, “हे मऊ आहे.” सासूबाईंनी सवयीनं रबरी चमचा उचलला, वाटी निपटली, शेवटचं शीत त्याच्या जिभेवर ठेवलं. माळ पदराखाली सारली. मग माझ्याकडे वळल्या.

“मग आता त्या जंतांचं काय? भात चालू झाल्यावर ते ऱ्हात्यात का जात्यात?”

“वाचून सांगते, आई,” मी म्हणाले. “आणि ती वावडिंगाची वाटी...”

“असू दे,” त्या म्हणाल्या. “तू ते वाच आधी.”